पिवळ्या निशाणाचे स्वार

न्यूअर्क
१८ फेब्रुवारी १९८४

श्री. इद्रिस प्यू यांस,

आपली माझी ओळख नाही. मी राल्फ हॅलमचा धाकटा भाऊ. राल्फ या महिन्याच्या आठ तारखेला गेला. मागच्या अंगणात कोळसा आणायला गेला होता, तिथेच पडला. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलेही नसेल. अंत्यविधी मंगळवारी झाला.

आपले पत्र त्यानंतर आले. पाकिटावर आपले नाव होते, पण राल्फच्या तोंडून ते मी कधी ऐकले नव्हते. सर्वांना कळवायचे काम माझ्याकडे आहे म्हणून मी ते उघडले, क्षमा असावी. आत एवढेच होते: “डावीकडचे माझे घोडेस्वार ओढा ओलांडून आले. तोफा आहेत तिथेच. आता तुझी पाळी, कोल्ह्या. ज्यांना लपवून ठेवलंयस त्यांना काढ की बाहेर. का ते चहा प्यायला घरी गेले?”

आधी उलगडा होईना. मग मागच्या खोलीतल्या मोठ्या टेबलाशी याचा संबंध असावा असे वाटले. त्यावर बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक आहेत, पुष्कळ आहेत. मी सगळे व्यवस्थित ठेवले आहे, काळजी नसावी. त्यातले काही आपले असतील तर कळवावे, नीट बांधून पाठवीन. मी लिंकनला राहतो, पण आवराआवरीसाठी आणखी पंधरवडाभर इथेच आहे.

आपला,
क्लेमेंट हॅलम


वेल्शपूल
२२ फेब्रुवारी

हॅलमसाहेब,

तुमचं पत्र दुकानात गल्ल्यापाशी उभ्या उभ्या वाचलं. समोर एक गिऱ्हाईक बिजागऱ्या मागत होतं. त्याला म्हटलं, उद्या ये. मग नेस्टा, माझी बायको, आतून आली आणि तिनं दुकानच बंद केलं.

राल्फला मी प्रत्यक्ष भेटलो असेन चारदा. पण आठवड्याला त्याचं पत्र यायचं, आणि ते आलं नाही की नेस्टा म्हणायची, “आज तुमचं तोंड का उतरलंय?” तो मला म्हाताऱ्या मेंढ्या म्हणायचा. आम्हा वेल्श लोकांना तुम्ही सगळेच म्हणता, पण त्याच्या तोंडी ते बरं वाटायचं.

तिथलं काहीही माझं नाही. माझे सैनिक माझ्याकडे आहेत. आम्ही टपालानं लढत होतो. त्याच्याकडे एक टेबल, माझ्याकडे एक. दोन्हींवर तीच टेकडी, तोच ओढा, तीच गिरणी. लढाई इंग्लंडातल्या जुन्या यादवी युद्धातली: तो राजाच्या बाजूनं, मी पार्लमेंटच्या. तुम्ही न्यूअर्कवाले तीनशे वर्षं झाली तरी राजालाच धरून आहात. आपली चाल आपल्या टेबलावर करायची, पत्रानं कळवायची, मग दुसऱ्यानं तीच आपल्या टेबलावर करायची. फासे ज्याचे त्यानं टाकायचे आणि जे पडेल ते खरं लिहायचं. बघायला कोणी नसतं.

आता तुम्हाला सांगायलाच हवं असं एक. ऑक्टोबरात त्याच्या पिवळ्या निशाणाच्या घोडदळाच्या दोन पलटणी टेकडीआड गेल्या, त्या अजून मला दिसलेल्या नाहीत. समोरच्याला जे दिसणार नाही ते सांगायचं नाही, असा नियम आहे. बाकीचे लोक अशा वेळी नकाशावर खूण करून ठेवतात. राल्फ करायचा नाही. म्हणायचा, “टेबल आहे ना माझं, कागद कशाला? मी काय चोर आहे?” म्हणजे त्या पलटणी कुठे आहेत हे जगात फक्त त्याच्या टेबलाला ठाऊक आहे. तुम्ही सगळं व्यवस्थित ठेवलंय हे वाचून माझा जीव भांड्यात पडला.

एक विचारतो. नाही म्हणालात तरी राग नाही. त्याचा हा डाव तुम्ही पुरा कराल का? त्यानं काय योजलं होतं ते तिथे मांडलेलंच आहे, तुम्ही फक्त पुढे सरकवायचं. चार महिने मी खिळे मोजतोय आणि डोक्यात तेच आहे, कोल्ह्यानं त्यांना कुठे बसवलं असेल.

तुमच्या दुःखात आम्ही दोघंही आहोत.
इद्रिस प्यू


न्यूअर्क
१ मार्च

श्री. प्यू,

नाही असे लिहायला बसलो होतो. मी उभा जन्म औषधांच्या दुकानात काढला. पत्तेसुद्धा कधी खेळलो नाही.

परंतु ‘त्याने काय योजले होते’ हे आपले वाक्य मनातून जाईना. राल्फ आणि मी नाताळात आणि ईस्टरला भेटत असू. छपराविषयी, बसच्या वेळांविषयी बोलत असू. तो आयुष्यभर रेल्वेत सिग्नलवर होता. त्याविषयीही आम्ही फारसे बोललो नाही. तो मनात काय योजतो हे मला कधी कळले नाही, आणि विचारायचे असते हे सुचले नाही. आता एक गोष्ट तरी तिथे मांडून ठेवलेली आहे असे आपण म्हणता. ती जाणून घेण्याची आणि त्याने केली असती तशीच करण्याची माझी इच्छा आहे.

मला यातले काहीही येत नाही. सुरुवात कुठून करावी ते कळवावे.

आपला,
क्लेमेंट हॅलम


वेल्शपूल
६ मार्च

हॅलमसाहेब,

शाब्बास. आता ऐका.

नियमांचं पुस्तक उघडू नका. ते वाचून सुरुवात करणारे महिन्याभरात टपाल तिकिटं जमवायला लागतात. आधी एक सैनिक रंगवा. राल्फच्या खणात बिनरंगाचे असतीलच, आम्हा सगळ्यांकडे असतात, सात जन्म पुरतील इतके. साबणाच्या पाण्यात धुवा, कानशीनं कडा घासा, पुठ्ठ्याच्या चकतीवर चिकटवा. पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात द्या. मग आधी चेहरा, मग सदरा, मग कोट, मग पट्टे. माणूस कपडे घालतो त्याच क्रमानं, आतून बाहेर. एक रंगवलात की बाकीच्यांकडे तुमची बघायची नजर बदलते. त्याच्याशिवाय ते नुसतं शिसं.

दुसरं. फूटपट्टी घ्या. पायदळ एका पाळीत सहा इंच चालतं, घोडा बारा. टेकडी चढताना निम्मं. तोफ ढकलायची तर तीनच. फासे दोन, जास्त पडले तर बरं. एवढ्यावर महिना निघतो.

तिसरं महत्त्वाचं. टेबलाकडे वरून बघू नका, वरून फक्त देव बघतो. गुडघ्यावर बसा, आपला डोळा सैनिकाच्या डोळ्याच्या रेषेत आणा. मग टेबल बोलायला लागतं. पलटण आडवी पसरलेली असेल तर ती लढायला उभी आहे. एकामागे एक असेल तर चालली आहे. तोंड जिकडे, हुकूम तिकडचा. मागे राखून ठेवलेले लोक कुठे वळवले आहेत ते पाहिलंत की सेनापतीच्या पोटातलं कळतं.

आता तुमच्या बाजूनं टेकडीमागे बघा. पिवळी निशाणं सापडतील. घोड्यांची नाकं कुठे आहेत ते पाहा, तोच राल्फचा बेत. मला सांगू नका. अजिबात सांगू नका. फक्त ‘पाहिलं’ एवढं लिहा.

इद्रिस


वेल्शपूल
३१ मार्च

हॅलमसाहेब,

तीन आठवडे झाले. तब्येत बरी आहे ना? का सैनिक रंगवताना हातच चिकटला? नेस्टा म्हणते, “तुम्ही त्या बिचाऱ्याला हुकूम सोडत बसलात, तो शोकात आहे.” तसं असेल तर माफ करा. डाव राहू दे. नुसतं ‘बरा आहे’ असं लिहा, तेवढं पुरे.

इद्रिस


न्यूअर्क
४ एप्रिल

श्री. प्यू,

मी बरा आहे. मला लिहिणे जमत नव्हते.

आपले आधीचे पत्र आले त्याच दिवशी मी गुडघ्यावर बसून टेकडीमागे पाहिले. तिथे काहीच नाही. ते मीच केले आहे; सैनिकांच्या जागा हाच बेत असतो, हे तोवर मला उमगले नव्हते.

अंत्यविधीनंतर लोक घरी येणार होते. शेजारच्या मिसेस टॉइन सँडविच करत होत्या. माझ्या हाताला काम नव्हते. मागच्या खोलीत पाहिले तर टेबलावर धूळ, आणि ते सैनिक कसेही विखुरलेले, काही एकीकडे तोंड करून, काही दुसरीकडे, काही अगदी कडेला. राल्फ पसाऱ्यातून उठून गेला असे कुणाला वाटू नये असे माझ्या मनात आले. मी ते सर्व ट्रेमध्ये उचलले, हिरवे कापड झटकले, टेकडी पुसली. मग त्यांना परत मांडले. पायदळ पायदळाबरोबर, घोडे घोड्यांबरोबर, रंगाप्रमाणे, उंचीप्रमाणे, तोंडे खिडकीकडे. दुकानात बाटल्या लावतात तसे. मिसेस टॉइन म्हणाल्या, “किती छान दिसतंय हो, एखाद्या दुकानासारखं.” मला बरे वाटले होते.

‘सगळे व्यवस्थित ठेवले आहे’ असे मी आपणांस लिहिले त्याचा अर्थ हा होता.

पिवळ्या निशाणाचे स्वार पहिल्या रांगेत आहेत. त्यांच्या घोड्यांची नाकेही खिडकीकडेच आहेत. कापडावर काही खुणा राहिल्या असतील म्हणून मी दिवा तिरपा धरून पाहिले. राहिलेल्या नाहीत. मी काम नीट केले होते.

क्लेमेंट हॅलम


वेल्शपूल
१४ एप्रिल

हॅलमसाहेब,

उशीर झाला. खरं सांगायचं तर मुद्दाम केला. तुमचं पत्र वाचून मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. नेस्टा धावत आली, “कोण गेलं?” मी म्हटलं, “तोच. पुन्हा.”

माझ्या लेखी तो टेबलापाशी अजून बसलेला होता, एवढंच. खरं तर मला ते आधीच कळायला हवं होतं. आमच्यापैकी कोणीही ‘टेबल व्यवस्थित ठेवलंय’ असं म्हणत नाही. ‘हात लावलेला नाही’ असं म्हणतो.

आता राग गेलाय. तुम्ही धूळ पुसलीत, दुसरं काय केलंत. माझ्या बायकोनं एकदा माझं अख्खं फ्रेंच सैन्य खेकडे उकडायच्या पातेल्यात भरून माळ्यावर टाकलं होतं आणि मी तिच्याबरोबर अजून संसार करतोय.

सोबत नकाशा आहे. मला दिसत होतं ते सगळं त्यात आहे, इंचांसकट. त्याप्रमाणे मांडा. फक्त पिवळे स्वार त्यात नाहीत. ऑक्टोबरापासून ते चालून चालून जिथे पोचू शकले असते अशा जागा तीन: टेकडीचं डावं टोक, गिरणीची मागची बाजू, आणि उजवीकडे ओढ्याच्या उताराजवळची राई. मला काय वाटतं ते सांगत नाही, मी शत्रू आहे. तुमच्या न्यूअर्कात त्याचं मंडळ आहे, गुरुवारी एका पबच्या वरच्या खोलीत बसतात. त्यांना विचारा. त्यांच्याशी तो आठवड्याला खेळायचा.

इद्रिस


न्यूअर्क
२० मे

प्रिय श्री. प्यू,

नकाशाप्रमाणे सर्व मांडून झाले. दोन वेळा मोजून पाहिले. एक सैनिकही रंगवला. ढोलवाला आहे. त्याचा चेहरा माझ्याकडून जरा आजारी झाला आहे.

गुरुवारी मंडळात गेलो. दाराशी उभा होतो, तर सिरिल ग्रेंजर नावाचे पोस्टमन आहेत, ते म्हणाले, “राल्फचा भाऊ ना? उभे काय, बसा. ती खुर्ची त्याचीच.” मी दुसरी घेतली. ढोलवाला खिशात नेला होता तो दाखवला. तो सगळ्यांच्या हातांतून फिरला. “हा पहिल्या लढाईत पळणार बघा,” ग्रेंजर म्हणाले. नवे रंगवलेले लोक पहिल्याच दिवशी पळतात यावर तिथल्या प्रत्येकाचा विश्वास आहे. मला कुणी हसले नाही, त्याला मात्र हसले.

मग मी झाले ते सांगितले. नंतर नकाशा पसरला.

“गिरणीमागे,” ग्रेंजर म्हणाले. “दुसरीकडे असूच शकत नाहीत.”

“राल्फ आणि गिरणीमागे? त्याला काय पीठ दळायचं होतं?” हे स्टॅनफर्थ म्हणून आहेत, ते.

“मग तू सांग.”

“डावं टोक. तो कायम डावीकडून यायचा.”

“कायम यायचा म्हणूनच या वेळी आला नसता. तू त्याच्याशी खेळलास कधी? नुसता हरलायस.”

असे बराच वेळ चालले. राईच्या बाजूनेही एकजण होता. मी प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेतले. राल्फ हसताना आवाज करत नसे, चाल करण्याआधी नेहमी नाक खाजवत असे, हरला की समोरच्याला बिअर पाजत असे, हे मला तिथे कळले. यातले नाक मला माहीत होते.

घरी येऊन मी पिवळे स्वार एकेका जागी ठेवून पाहिले. तिन्ही जागी ते शोभतात. कुठेही ठेवले तरी मी राल्फच्या नावाने खोटे लिहिल्यासारखे होईल. आपण सांगाल तिथे ठेवतो.

आपला,
क्लेमेंट हॅलम


वेल्शपूल
२७ मे

प्रिय क्लेमेंट,

आता आडनाव पुरे.

मी सांगणार नाही. मी सांगितलं तर माझ्याच अंदाजाशी मी लढणार, ते काही लढणं नव्हे. ग्रेंजरचंही ऐकू नका, पोस्टमनना वाटतं प्रत्येक गोष्टीला पत्ता असतो.

नियम असा आहे: सेनापती पडला की त्याच्या शेजारी जो उभा असेल तो हुकूम देतो. मेलेल्या सेनापतीला काय हवं होतं हे त्याला माहीत नसतंच. तुम्हाला जिथे पटेल तिथे ठेवा. राल्फच्या नावानं नव्हे, तुमच्या. चाल कळवा.

माझी चाल: गिरणीसमोरच्या तीन तोफा तशाच. मधली भालेवाल्यांची पलटण टेकडीखालून उचलून सहा इंच उजवीकडे नेली.

इद्रिस


न्यूअर्क
१६ जून

प्रिय श्री. प्यू,

आपली चाल मी टेबलावर केली. मग गुडघ्यावर बसून आपल्या बाजूने पाहिले, आणि नंतर माझ्या बाजूने.

मधले भालेवाले हलवायला आपल्याकडे काही कारण नव्हते. ते गेल्यामुळे टेकडीखाली सरळ वाट मोकळी झाली आहे. कुठूनही आलो तरी मी आत शिरू शकतो. औषधांच्या दुकानात लोक कधी कधी मला हवी ती किंमत सांगू द्यायचे, कारण माझी बायको आजारी होती. तशी दया मला ओळखता येते.

कृपया त्यांना परत जागेवर ठेवावे. राल्फला आपण अशी वाट दिली नसती.

आपला,
क्लेमेंट हॅलम

ता. क. लिंकनची खोली मी सोडली. तिथे हे टेबल मावत नाही.


वेल्शपूल
२१ जून

क्लेमेंट,

ठेवले परत. नेस्टा म्हणाली, “बरं झालं, पकडलं तुम्हाला.”

मला वाटलं होतं त्याचे स्वार एकदा तरी जिंकून यावेत. मूर्खपणा. आता बिलकूल दया नाही. तुमचं उजवं पायदळ मी पुढच्या पाळीत कापून काढणार आहे, तेव्हा आतापासूनच त्यांना घरी पत्रं लिहायला सांगा.

इद्रिस


न्यूअर्क
९ सप्टेंबर

प्रिय इद्रिस,

उन्हाळाभर आपण म्हटल्याप्रमाणे माझे उजवे पायदळ गेले, हे आपण जाणताच. आता आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. काल दुपारी मी पिवळे स्वार बाहेर काढले.

ते डाव्या टोकाला नव्हते, गिरणीमागे नव्हते, राईतही नव्हते. मी त्यांना टेकडीच्या मध्यावर, माथ्याच्या अगदी मागे ठेवले होते. तिथून ते सरळ माथ्यावरून खाली आपल्या भालेवाल्यांवर आले. स्टॅनफर्थना सांगितले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. भाल्यांवर घोडे समोरून घालत नाहीत हे मला माहीत आहे. पण बाकीच्या तिन्ही जागी मी राल्फचा बेत ओळखल्याचे सोंग करत होतो. ही जागा तेवढी कुणी सुचवलेली नव्हती.

सात हवे होते. फासे टाकले. दोन आणि एक पडले.

खोलीत मी एकटाच होतो. फासे पुन्हा उचलणे सोपे होते, आणि ते हातात घेऊन मी थोडा वेळ बसलोही. मग जे पडले तेच लिहावे असे ठरवले. दोन्ही पलटणी उधळल्या. टेकडीवरून मागे, टेबलाच्या कडेवरून बाहेर. मी त्यांना उचलून खिडकीत ठेवले आहे. राजाची बाजू हरली.

त्याची लढाई मी हरलो. तो जिंकला असता की नाही, हे कळणे मी धूळ पुसली त्या दिवशीच गेले.

आपला,
क्लेमेंट


वेल्शपूल
१५ सप्टेंबर

प्रिय क्लेमेंट,

तुमची चाल टेबलावर केली आणि बराच वेळ तिथेच बसलो. नेस्टा जेवायला बोलवत होती.

आता लढाई संपली, तेव्हा सांगायला हरकत नाही. मला खात्री होती की राल्फ गिरणीमागे आहे. नोव्हेंबरपासून तीन तोफा मी गिरणीकडे तोंड करून ठेवल्या होत्या. दुसरीकडे कितीही गरज पडली तरी हलवल्या नाहीत. एकदाही डागल्या नाहीत. आज त्यांच्या मागे बसून विचार केला, मी बरोबर होतो का? ते मला आता कधीच कळणार नाही. जिंकलो आणि तोंड कडू झालं.

राल्फनं असं काही केलं नसतं. मरेपर्यंत केलं नसतं. माथ्यावरून, समोरून, दिवसाढवळ्या, भाल्यांवर! त्याला झीटच आली असती. तुमचं पत्र वाचताना पहिल्यांदा माझ्या मनात त्याचा हात आला नाही. वेगळ्याच कुणाचा तरी आला, जरा अवघडलेला, पण सरळ. फासे खरे लिहिणारा. फेब्रुवारीपासून मी राल्फशीच खेळत होतो असं मी धरून चाललो होतो. तो नव्हता. ते मला या चालीनं कळलं, आणि त्या रात्री मी त्याच्यासाठी रडलो. आधी रडलो नव्हतो.

टेबल आवरू का? तुम्ही म्हणाल तसं.

इद्रिस


न्यूअर्क
२ ऑक्टोबर

प्रिय इद्रिस,

आपल्या पत्रावर मी बरेच दिवस विचार केला.

पिवळे स्वार माथ्यामागे होते असे मी आपणांस लिहिले. ते खरे आहे, पण पूर्ण नाही. उन्हाळाभर मी रोज सकाळी चहा घेऊन तिथे बसत होतो आणि मनातल्या मनात त्यांची जागा बदलत होतो. माथ्यामागून ते गिरणीकडेही जाऊ शकत होते, टोकाकडेही. नाके मी समोर वळवली ती फासे हातात घेण्याआधी अगदी थोडा वेळ. आदल्या दिवशी मी मेलो असतो आणि कुणी गुडघ्यावर बसून पाहिले असते, तर त्याने माझा बेत चुकीचा सांगितला असता.

म्हणून वाटते की कोळसा आणायला गेला तेव्हा राल्फचेही ठरलेले नसेल. टेबल जसेच्या तसे असते तरी आपल्याला कळले नसते, असे ग्रेंजर म्हणतात. मला बरे वाटावे म्हणून म्हणतात. परंतु त्या सकाळी ते घोडे जिथे कुठे होते तिथे त्याने ते आपल्या हाताने ठेवले होते. तेवढे तरी मला पाहता आले असते, आणि मी ते पाहिलेही होते. अंत्यविधीच्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर होते. मला फक्त पसारा दिसला.

हे त्याला विचारता आले असते. एखाद्या नाताळात जेवण झाल्यावर मागच्या खोलीत जाऊन, हे घोडे इथे का, एवढे म्हटले असते तर त्याने नाक खाजवून दुपारभर सांगितले असते. मला बस पकडायची असे.

टेबल आवरावे. मीही आवरले. या वेळी टेकडी डावीकडे घेऊ, ओढा तसाच राहू दे, आणि गिरणी नको. मी पुन्हा राजाच्या बाजूने, इथे राहून दुसरे काही शोभणार नाही. नकाशा सोबत आहे. स्टॅनफर्थनी तपासला आहे आणि त्यांच्या मते मी पहिल्या महिन्यातच हरणार.

माझी पहिली चाल: पायदळ सगळीकडे सहा इंच पुढे. तोफा आहेत तिथेच. ढोलवाला मधल्या पलटणीत आहे, अजून पळालेला नाही.

घोडदळाविषयी काही सांगत नाही.

आपला,
क्लेमेंट